बाईंचा फळा आणि माझं पत्रक

अन्याय झाला तो बडोद्यातल्या गोत्रीच्या आमच्या सोसायटीत घर नंबर नऊमध्ये राहणाऱ्या बाईंवर, आणि तो झाला एका सोमवारी सकाळी सव्वासात वाजता, शाळेच्या रिक्षा गेटवर यायच्या वेळेला. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंचा फळा सेक्रेटरींनी मुलांच्या देखत भिंतीवरून उतरवला. का उतरवला, तर त्यांच्या हातात एक पत्रक होतं. ते पत्रक मी लिहिलं होतं.

फळा होता गेटच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या पंपाशेजारी. शाळा बंद पडली तेव्हा भंगारात निघालेला फळा बाईंनी रिक्षातून आणला होता. रोज सकाळी तीन ओळी, मराठीत आणि खाली गुजरातीत. पहिली ओळ एखाद्या शब्दाची: बटाटा आणि बादली हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर आले. दुसरी बडोद्याची: या गावाचं जुनं नाव वडाच्या झाडावरून पडलं. तिसरी जगाची: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. रिक्षाची वाट बघणारी पोरं वाचायची, त्यांना सोडायला आलेल्या आया वाचायच्या. टाय लावून ऑफिसला निघालेले काकासुद्धा स्कूटरला किक मारता मारता वाचायचे आणि आपण वाचत नाही असं दाखवायचे.

बाईंचा एक नियम होता. चूक सापडली तर ती पुसायची नाही. तिच्यावर एक रेघ मारायची, खाली बरोबर काय ते लिहायचं, आणि शेजारी ज्याने चूक काढली त्याच्या घराचा नंबर. दुसऱ्या दिवशीची तिसरी ओळ त्या घराने सांगायची. सहावीत असताना मी जिना चढून त्यांना सांगितलं होतं, देवमासा हा मासा नाही. फळ्यावर ‘घर नंबर चौदा’ लागला आणि आमच्या आईने त्या दिवशी भाजी आणायला गेटवरून तीन फेऱ्या मारल्या. पोरं तर चुकांवर टपलेली असायची. काही जण म्हणायचे, बाई मुद्दाम चुकतात. मला ते खरं वाटत नाही.

मग मी कॉलेजात गेले. विज्ञानाचा प्रचार करणाऱ्या एका गटात शिरले आणि पत्रकं लिहायला शिकले. पहिल्याच वाक्यात आरोपी उभा करायचा, मथळा ठसठशीत द्यायचा, वाचणाऱ्याला पळायला जागा ठेवायची नाही. त्याच सुमाराला एका शनिवारी बाईंनी लिहिलं, चीनची भिंत चंद्रावरून दिसते. तेव्हा हे सगळेच सांगायचे, शिक्षकही. आमच्या गटात नुकतंच आम्ही ते खोडून काढलं होतं. मी जिना चढले नाही. मी खाली स्वतःचं नाव घालून सायक्लोस्टाइलवर पत्रक काढलं, ‘शिक्षकच अज्ञान पसरवतात तेव्हा’, आणि रविवारी घरोघरच्या पत्रपेट्यांत टाकलं. एक बाईंच्याही. सगळ्यांना समान न्याय, असं तेव्हा वाटलं होतं.

सोमवारी सायकल काढताना मी समोरच होते. सेक्रेटरी फळा खाली ठेवत होते. बाई खडू घेऊन उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या. सेक्रेटरी नम्रपणेच बोलले, की बेन, छोकरांच्या मनावर खोटं बिंबायला नको, कमिटीलाही जबाबदारी आहे. आठवड्याभरात त्या जागी कॉम्प्युटर क्लासची चकचकीत पाटी लागली. ती जागा क्लासवाले दिवाळीपासून मागत होते. म्हणजे मुद्दा चंद्राचा नव्हताच, आमच्या गेटच्या भिंतीचा होता. निमित्त तेवढं हवं होतं, ते मी छापून दिलं.

फळा उतरवला त्याच सोमवारी दुपारी मी बाईंकडे गेले. आता त्या काय बोलतील याची उत्तरं वाटेतच तयार केली होती. त्यांनी पाणी दिलं, बस म्हणाल्या, आणि चष्मा पुसत विचारलं, “चंद्रावरून नाही दिसत, मग कुठून दिसते गं?”

मी सांगितलं, पृथ्वीजवळून फिरणाऱ्या यानातूनसुद्धा नुसत्या डोळ्यांना कठीणच. त्यांनी फळ्यासाठी ठेवलेली वही उघडली आणि ते टिपून घेतलं. सोमवारचं पान आधीच लिहिलेलं होतं. भिंतीच्या ओळीवर रेघ, खाली दुरुस्ती, शेजारी घर नंबर चौदा. सकाळी त्या खडू घेऊन तेच लिहायला उतरल्या होत्या.

“तू वर का नाही आलीस?” त्यांनी विचारलं. “पूर्वी यायचीस.”

पत्रकात प्रश्न आपण विचारतो, आपल्याला कोणी विचारत नाही.

त्यानंतर फळा परत लावावा म्हणून मी सह्या गोळा केल्या. बऱ्याच मिळाल्या. गच्चीवर मीटिंग झाली, मी उभी राहून तावातावाने बोलले. सेक्रेटरींनी शांतपणे खिशातून माझंच पत्रक काढलं.

“बेन, आ तमेज लख्युं छे ने?”

लोक हसले. मीही मान्य केलं, की हो, मीच लिहिलंय, आणि यातली माहिती बरोबर आहे, बाकी सगळं चूक. पण तोवर चहा आला होता.

फळा परत मिळाला असता कदाचित, मी आणखी भांडले असते तर. बाईंनीच थांबवलं. म्हणाल्या, “राहू दे. आता एक ओळ लिहायची तर दहा वेळा हात थांबेल. असं लिहिलेलं मुलांना आवडत नाही.” चुकायची भीती नसलेली एकच बाई आमच्या सोसायटीत होती. तिला ती भीती मी घातली.

तुमच्याही गेटवर, जिन्यात, वाचनालयाच्या दारात कोणीतरी रोज दोन ओळी लिहीत असेल. आज ना उद्या ते माणूस चुकेल. तेव्हा पत्रक काढू नका, कमिटीकडे जाऊ नका, चारचौघांत वाचून दाखवू नका. जिना चढा, दार वाजवा, आणि चूक त्यालाच सांगा. आणि उद्या त्याचा फळा कोणी उतरवायला आलं, तर भिंतीपुढे उभे राहा.