गयाच्या चहाला वास नव्हता

चहाला वास नव्हता.

कप माझ्या हातात होता, अर्धा पिऊन झाला होता. आलं होतं, गवती चहा होता, साखर माझ्या जिभेला लागते तेवढीच होती. आणि मी – बिल्डिंगमधल्या सात-आठ बायका, संस्थेचे साहेब, चाळीतली माणसं, सगळ्यांच्या देखत – उठले, दाराबाहेर गेले, गटारावर वाकले आणि घशात बोट घातलं. पाठ त्यांच्याकडे होती, त्यामुळे बोट कोणाला दिसलं नाही. ओकारीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग पदराने तोंड पुसत वळले आणि म्हणाले, "शी! संडासाचा वास येतोय चहाला."

नवऱ्याला हे कळलं नाही, तो तसाच गेला. मुलीला वाटतं, आई तोंडाची फटकळ आहे पण खोटं बोलत नाही. तुम्ही माझे कोण लागता? कोणी नाही – म्हणून सांगता येतंय.

नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. परळची दहा बाय दहाची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला आलो, खारी गावाच्या बाजूला. नवी बिल्डिंग, पहिला मजला, वेगळं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे रामदुलारचा म्हशींचा तबेला आणि त्याला लागून पत्र्याची चाळ. चाळीत बहुतेक बौद्ध घरं – परभणी, नांदेडकडची. पहिल्याच खोलीत गया राहायची. नवरा कारखान्यात हेल्पर, एक लहान मुलगी.

गयाची माझी ओळख रॉकेलच्या रांगेतली. केबिन रोडवरच्या रेशन दुकानापुढे पहाटे डबा लावून ठेवायचा आणि घरी जाऊन कामं उरकायची, अशी तेव्हा पद्धत होती. माणूस नाही, डबाच रांगेत उभा. पण कोणीतरी तो पुढे सरकवायला लागतो, नाहीतर मागच्या बाया लाथेने बाजूला करतात. माझा डबा गया सरकवायची. मी सांगितलं नव्हतं. आपला सरकवताना माझाही सरकवायची.

सिलेंडरला आम्ही नाव लावून वर्षं झाली होती. नंबर काही लागत नव्हता. म्हणजे ब्लॉकमध्ये राहून मीही स्टोव्हच पेटवत होते आणि चाळीत राहून गयाही. हे लक्षात ठेवा.

तर एका संस्थेची माणसं आली. तबेल्याचं शेण नाल्यात वाहून जायचं, चाळीचा सार्वजनिक संडास तर नेहमीच तुंबलेला. साहेब म्हणाले, दोन्ही एका टाकीत सोडू, वरती लोखंडी झाकण बसवू, आत गॅस तयार होईल आणि पाइपने चाळीच्या चौदा खोल्यांत जाईल. गोबरगॅस. चाळीतल्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः खड्डा खणला. गयाने डोक्यावरून विटा वाहिल्या. पण टाकी आमच्या भिंतीला लागून येत होती, म्हणून आमच्या सोसायटीची लेखी संमती हवी होती.

बिल्डिंगमध्ये गोंधळ. माश्या होतील. टाकी फुटली तर अर्धं भाईंदर उडेल. असल्या आगीवर शिजवलेलं खायचं तरी कसं? आम्हाला कोण खायला बोलावत होतं, ते कोणी विचारलं नाही. सगळ्यांत मोठा आवाज माझा. मुलगी लग्नाची आहे, पाहुणे आले की त्यांना खिडकीतून काय दाखवू – शेणाची टाकी? असं मी जिन्यात उभी राहून बोलायचे.

साहेब शांत माणूस. म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. चाचणीपुरती टाकी भरून एका खोलीत पाइप जोडलाय. येऊन बघा, चहा प्या, मग नाही म्हणा."

ती खोली गयाची.

गेलो आम्ही. तेव्हा आमच्यातल्या काही जणी त्यांच्या घरचं पाणीही पीत नव्हत्या, तरी आल्या, कारण बघायची हौस सगळ्यांना. जमीन सारवलेली, बुद्धाच्या तसबिरीला ताजा हार, कप शेजारपाजारहून मागून आणलेले, एकसारखा एक नाही. गयाने शेगडी पेटवली. निळी ज्योत, धूर नाही, आवाज नाही. पंप मारणं नाही, पिन घालणं नाही. तिने पातेलं उचलून मला बूड दाखवलं. "बघा काकू, काळं न्हाई. राखेनं घासायचं काम गेलं."

चहा झाला. पहिला कप मला दिला, कारण मीच सर्वांत जास्त ओरडत होते. प्यायले. चांगला होता, सांगितलंच. नाईकवहिनी माझ्या शेजारी. कप ओठाला लावता लावता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो साहेब, आपल्या बिल्डिंगला पण येईल का हो हा पाइप?"

साहेब म्हणाले, "येईल की वहिनी. पण आधी चाळीला."

आधी चाळीला.

एवढंच कारण. इतकी वर्षं मी त्याला वेगवेगळी लुगडी नेसवली. वासाची भीती, देवाचा नैवेद्य, मुलीचं लग्न. जात होती का त्यात? होती. नाही म्हणणारी बाई मी नाही. पण जातीने मला उठवलं नाही. ज्या बाईने माझा डबा रांगेत सरकवला, तिच्या घरी माझ्याआधी ज्योत पेटणार आणि मी वरच्या खिडकीत स्टोव्हला पंप मारत बघणार – याने उठवलं. मग ते बोट.

गया धावत बाहेर आली. "काकू, दूध नासलं का? थांबा, दुसरा टाकते. बिनदुधाचा करते." तिला वाटलं चूक तिची. रामदुलार मात्र भडकला. "ए काकी, दूध को कुछ मत बोलना! सुबह का है, मैंने खुद दुहा है." त्याने एक कप उचलला, सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "किधर है बास? हमको तो नहीं आती."

मी म्हटलं, "तुला कसा येणार रे? तू तो भैंस के साथ सोता है."

सगळ्या हसल्या. साहेबसुद्धा ओठ दाबून हसले. तिथेच काम झालं. हसत हसतच नाईकवहिनींनी भरलेला कप खाली ठेवला. मग दुसरीने ठेवला, मग तिसरीने. गया ते कप उचलत होती.

संमती दिली नाही. सेक्रेटरींनी पत्रात लिहिलं, 'रहिवाशांना उलट्या व मळमळीचा त्रास झाला.' रहिवाशांना! एका बाईचं एक बोट, त्याचे रहिवासी झाले. साहेब दोनदा आले, विनवून गेले. शेवटी झाकण टेम्पोत घालून नेलं. खड्ड्यात लोक कचरा टाकायला लागले.

वर्षाच्या आत आमचा सिलेंडर आला. मी त्याला हळदकुंकू वाहिलं.

त्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यातली दुपार. माझ्या गॅसवर डाळ होती. खाली किंकाळी ऐकली म्हणून खिडकीत गेले. गयाच्या स्टोव्हचा भडका झाला होता. ती नायलॉनच्या साडीसकट पेटत गल्लीत आली. मी पलंगावरची गोधडी ओढली आणि खिडकीतून खाली फेकली. रामदुलारने तिला गुंडाळलं, रिक्षात घातलं. हे खोटं नाही, गोधडी मी फेकली. लोक म्हणाले, काकूंचं प्रसंगावधान बघा. मी ऐकून घेतलं.

इस्पितळातून आल्यावर गया स्वतः आमच्या गेटपाशी आली. गळ्याची कातडी ओढलेली, हात फडक्यात. म्हणाली, "काकू, तुमच्या गोधडीनं वाचले." तेव्हा बोलता आलं असतं. दोघीच होतो. मी म्हटलं, "बरी हो," आणि जिना चढले. ओकले त्यापेक्षा मोठं पाप हे, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते तुमच्याजवळ ठेवा.

कोणी म्हणेल, स्टोव्ह तर कुणाचाही भडकतो. नका मला सोडवू. कोणी म्हणेल, बाई अडाणी. मी चौथी शिकले. चहाला वास आहे की नाही हे कळायला शाळा लागत नाही, आणि घशात बोट घालायला मला कोणी शिकवलं नव्हतं. त्यासाठी मी उपास धरला नाही, देवापुढे नाक घासलं नाही. असली फेड मला पटत नाही. आताही रडत नाहीये. केलं ते मी केलं, शुद्धीत केलं, आणि टाकीपुढे माझंच म्हणणं चाललं म्हणून तेव्हा मला आनंदही झाला होता.

गया जगली. बेव्हर्ली पार्कला मुलीकडे असते. उजव्या हाताची बोटं तळव्याला चिकटलेली आहेत, उघडत नाहीत. भाकरी मुलगी थापते.