मांजर जेवलं तर ती जाणार

शनिवारी सकाळी माझी मैत्रीण ई-रिक्षातून उतरली, ती हातात एक टोपली आणि तिच्यावर दुसरी टोपली पालथी बांधून. आतून जो काही आवाज येत होता तो ऐकून रिक्षावाला मला म्हणाला, "माताजी, इसमें जो भी है, मेरे बारे में अच्छा नहीं बोल रहा."

आत तिचं मांजर होतं. नऊ वर्षांचं, राखाडी, एका कानाला चीर गेलेलं. भैरवगढला चादरी आणायला गेली असताना कापडावर ठसे छापणाऱ्या छापेवाल्यांच्या अंगणात ते तिला सापडलं. तेव्हा ते एवढंसं होतं, चारही पंजे लाल रंगात बुडालेले, आणि त्याच पंजांनी ते तिच्या पांढऱ्या पातळावर चढलं. पातळ गेलं, मांजर राहिलं.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मुलगा तिला पुण्याला बोलावत होता. दर वेळी ती मांजर पुढे करायची. सुनेला मांजराच्या केसांनी धाप लागते, म्हणून मांजर जाऊ शकत नाही, आणि मांजर जाऊ शकत नाही म्हणून ही जाऊ शकत नाही. माझ्या मते ही व्यवस्था उत्तम होती. पण मुलगाही हिचाच. त्यानं सरळ सोमवारचं तिकीट काढून पाठवलं आणि विचारलं, अख्ख्या उज्जैनमध्ये मांजर सांभाळणारं एक माणूस नाही का? हिनं माझं नाव सांगितलं.

"दिवाळीला येईन की," ती टोपलीची दोरी सोडत म्हणाली.

आमच्या वयाच्या बायका दिवाळीला येईन म्हणून गेल्या की पाडव्यापर्यंत त्यांच्या घरात भाडेकरू आलेला असतो. हे तिलाही माहीत होतं. ती दोरीकडेच बघत होती.

"पण ऐक," ती म्हणाली, "रविवार संध्याकाळपर्यंत ते तुझ्याकडे जेवलं तर मी जाणार. नाही जेवलं तर तिकीट कॅन्सल. उपाशी मांजर मागे टाकून मी गाडीत बसणार नाही. आणि तोवर मी इकडे येणार नाही. मी दिसले तर ते माझाच पदर धरून बसेल."

"अग, तू चिंता नको करू," मी म्हटलं. आणि त्याच क्षणी, अगदी मनाच्या तळघरात, मी ठरवलं की हे मांजर जेवणार नाही.

आमची ओळख भांडणातून झाली होती, हे इथे सांगायला हवं. मी सव्वीस वर्षांची होते आणि माझी पहिली अद्भुतकादंबरी नुकतीच छापून आली होती. तिच्यात एक राणी होती. ती बिबट्याला नुसत्या नजरेनं वश करायची, त्याला मूठमूठ हिरवं गवत चारायची आणि त्याच्या पाठीवर बसून क्षिप्रा ओलांडायची. मला त्या काळी वाटायचं की माझ्यासारखं कोणी लिहिलेलं नाही. ते खरंच होतं, असं लिहायची हिंमत कोणाला झाली नसती. लेखिका दिसावं म्हणून मी भर मे महिन्यात खांद्यावर शाल घेऊन टावर चौकात भाजी आणायला जायची. भाजीवाली रोज विचारायची, "बाई, बुखार उतरा कि नहीं?"

आमच्या मराठी वाचनालयानं त्या कादंबरीची एक प्रत घेतली. रोज संध्याकाळी मी तिथे जाऊन कपाटात बघायची, की कोणी नेलं का. चार महिने पुस्तक जागचं हललं नाही. मग एक दिवस ते गेलं, आठवड्यानं परत आलं, आणि मी उघडून बघते तो पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं. 'बिबट्या गवत खात नाही.' 'राणी बिबट्याच्या पाठीवर बसली तर बिबट्याही खाली बसेल.' 'डोळ्यांतून ठिणग्या उडत असतील तर डॉक्टरला दाखवा.' शेवटच्या पानावर निकाल होता: 'राणीला काम नाही.'

गुन्हेगार शोधायला वेळ लागला नाही. पुस्तकामागच्या कार्डावर एकच नाव होतं.

ती माधव नगरला राहायची, मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मी शाल घेऊन तिच्या दारात उभी राहिले आणि तयार करून आणलेलं भाषण केलं. तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. तुम्ही कधी मांजर तरी पाळलंय का?"

"लेखकाला पाळावं लागत नाही," मी म्हटलं. "लेखकाकडे कल्पनाशक्ती असते."

तेवढ्यात दिवाणाखालून तिचं तेव्हाचं मांजर बाहेर आलं आणि माझ्या शालीचा गोंडा हुंगू लागलं. पुढचं मला नीट आठवत नाही. तिला आठवतं. बिबट्याला नजरेनं वश करणाऱ्या राणीची जननी दिवाणावर उभी होती, दोन्ही हातांनी साडी गुडघ्यापर्यंत धरून, आणि म्हणत होती, "घ्या ना त्याला, अहो घ्या ना." तिनं मांजर उचललं, पोहे केले, वर भरपूर शेव घातली. दिवाणावरून मी प्लेट घेतली.

तेव्हापासून माझं प्रत्येक पान आधी ती वाचते. दर शनिवारी दुपारी, माझ्याकडे. पुढे बँकेत नोकरी करणारी एक मैत्रीण येऊन मिळाली आणि आम्ही तिघी झालो. रीत ठरलेली आहे. लिहिलेलं मोठ्यानं मांजरवालीच वाचणार, आणि मी तोंडात सुपारी धरून गप्प बसणार. सुपारी फुटली किंवा मी बोलले, तर वाचन बंद. कारण सुरुवातीला मी प्रत्येक वाक्याचा अर्थ समजावून सांगायची, आणि तिचं म्हणणं, वाचकाच्या घरी तू काय सोबत जाणार आहेस? ती वाचता वाचता थांबते, चष्म्यावरून बघते, पात्रांना रागावते, मला रागावते, पुढे जाते. माझी नात म्हणते, आजी, तुझे राक्षस फार बोलतात. ते सगळे माझ्या या मैत्रिणीसारखे बोलतात, म्हणून फार बोलतात.

तर त्या शनिवारी टोपली उघडली आणि मांजर बाणासारखं पुस्तकांच्या कपाटाकडे गेलं. खालच्या फळीवर माझ्या त्या पहिल्या कादंबरीच्या उरलेल्या चाळीस प्रती आहेत. त्यांच्या मागे, भिंतीला लागून, ते जाऊन बसलं. चाळीस वर्षांनी त्या पुस्तकांचा कोणाला तरी उपयोग झाला.

मुलगा-सून लग्नाला इंदूरला गेलेली, नात त्यांच्यासोबत. घरात मी आणि ते. मैत्रिणीनं डब्यात दहीभात पाठवला होता. मी तो वाटीत काढला आणि वॉशिंग मशीनजवळ ठेवला. मशीन चालू केलं. कपडे होते, पण एवढे नव्हते.

दुपारी बँकेतली मैत्रीण आली. वाचणारी नाही, तर आज वाचायचं कोणी? मी सुपारी तोंडात टाकली आणि पानं हिच्या हातात दिली. हिनं माझ्या नव्या कादंबरीतलं राक्षसाच्या मृत्यूचं प्रकरण असं वाचलं जसं बँकेचं परिपत्रक. "राक्षसाने प्राण सोडले. पुढील पानावर पहा." दोन पानांत आम्ही दोघींनी नाद सोडला.

"मांजर कुठंय?" तिनं विचारलं.

मी कपाटाकडे बोट दाखवलं. तिची नजर मशीनजवळच्या वाटीवर गेली.

"इथे ठेवलंस? इथे तर मी पण जेवणार नाही."

"त्याची मर्जी," मी सुपारी गालात सरकवत म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं लोकांच्या सह्या पारखलेली बाई आहे. "तुला ती जायला नकोय," ती म्हणाली. "मला पण नकोय. पण मांजरानं तुझं काय बिघडवलंय?" आणि चहा न घेता गेली.

संध्याकाळी फोन आला. "खाल्लं?"

"नाही ग. शिवलंसुद्धा नाही." आवाज मी जमेल तितका दुःखी केला होता.

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'मध्येही दुःख कमीच होतं, पण ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळीही वाटी भरलेली. पाणीही तेवढंच. मी मनात तिकीट कॅन्सल करून टाकलं, पुढच्या शनिवारसाठी नवं प्रकरण काढलं, पोळ्या केल्या. आणि मग जेवायला बसले तर कपाटामागून आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. दार लावून घेतलेल्या खोलीत कोणी हळूच उसासा टाकावा, तेवढाच. पहिला घास मी परत ताटात ठेवला. मला नुसती मांजराची कीव आली असं म्हटलं तर तेही खोटं होईल. मला दिसली माझी मैत्रीण, सोमवारी टोपली परत नेताना, आत हलकं झालेलं मांजर. तिच्यासमोर मी काय तोंडानं उभी राहणार होते?

वाटी धुतली, ताजा भात कालवला, वाटी कपाटासमोर ठेवली आणि जमिनीवर आडवी झाले. या वयात जमिनीवर आडवं होणं म्हणजे परतीचं तिकीट नसलेला प्रवास. दोन पुस्तकांच्या फटीतून दोन हिरवे डोळे दिसले. मी हाका मारल्या, मराठीत, हिंदीत. चुटक्या वाजवल्या. नजरेनं वश करायचा प्रयत्नही केला, तेवढा मोह मला आवरला नाही. मांजरानं तोंड भिंतीकडे केलं.

शेजारी कालच्या प्रकरणाची पानं पडली होती, आणि त्यांच्यावर राखाडी केस. माझी सगळी पानं तिच्याकडून अशीच परत येतात. शुक्रवारी ती पानं ती घरी एकदा वाचून बघते, मोठ्यानं, मांडीवर मांजर घेऊन. आणि वाचून झालं की दोघं जेवतात. हे मला किती वर्षांपासून माहीत होतं.

मी वाचू लागले. स्वतःचं लिहिलेलं, स्वतःच्या तोंडानं. हे मी कधी केलेलं नव्हतं. भावनेनं वाचलं, आवाज चढवला, उतरवला. मांजर हललं नाही. पान संपलं, दुसरं घेतलं. त्यात राक्षस मरताना अर्धं पान बोलतो. वाचता वाचता मलाच वैताग आला आणि तोंडातून गेलं, "अरे बाबा, तुझ्या छातीत भाला आहे ना? मग मर की आता. किती भाषण देशील?"

कपाटामागे काहीतरी सरकलं.

मी चष्मा नाकावर ओढला, तिच्यासारखा. "आणि ही काय उपमा आहे? चंद्र म्हणे चांदीच्या वाटीसारखा. वाटी कधी घासली होती, बाई? राणीला काम नाही, आणि लिहिणारीला त्याहून नाही." दोन पुस्तकं खाली पडली. मधून एक चिरलेला कान आला. मी थांबले नाही. त्या प्रकरणाची मी वाक्यावाक्याला साल काढली. जिथे आधी स्वतःवर खूश झाले होते तिथे सर्वात जास्त. राखाडी मांजर बाहेर आलं, माझ्या हातातल्या पानांना डोकं घासलं, वाटीकडे गेलं आणि जेवलं. दाणा न दाणा. मग माझ्या मांडीवर चढून वळकटी होऊन झोपलं. मी कधीची भिंतीला टेकून बसले होते, मलाच कळलं नव्हतं. दिवाणावर चढायची इच्छा झाली नाही.

सहाला फोन वाजला. हात लांब करून उचलला.

"खाल्लं?"

घरात कोणी नव्हतं. वाटी मी परत भरून ठेवू शकत होते. बिबट्याला गवत चारून दाखवणारी बाई मी, एक 'नाही' काय मला जड होतं?

"खाल्लं," मी म्हटलं.

"सगळं?"

"वाटी चाटून."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, ती मला ऐकू आली.

"कसं काय खाल्लं?" तिनं विचारलं.

"तुझ्यासारखं वाचलं. माझं मलाच रागावून."

"मग बरोबर." तिनं कुकर बंद केला. "मला वाटत होतं, तू नाही म्हणशील."

"मलाही वाटत होतं."

"म्हणायचं होतंस ना, बाई," ती म्हणाली. मग नाक ओढलं आणि शाळेतल्या आवाजात पुढे बोलली, "आता बॅग भरायला ये. माझा गुडघा वाकत नाही, आणि वरच्या कपाटात काय काय आहे मला आठवत नाही."

"येते. पण मांडीवर झोपलंय."

"तुझ्या?"

"हो, माझ्या. दुसरी कोणाची आहे इथे?"

"मग उठू नको," ती म्हणाली. "ते आपोआप उठेल तेव्हा ये. मी जागीच आहे."

बाहेर अंधारू लागलं होतं. दिवा लावायचा राहिला होता. पायांना मुंग्या आल्या तरी मी हलले नाही, आणि मांजरानंही घाई केली नाही.