कापराचा वास

तुरिनजवळच्या सेत्तिमोत ओरेस्तेनं जन्मभर फाउंटन पेनांच्या कारखान्यात लेथ चालवला. निवृत्तीनंतर तो तीच जुनी सेल्युलॉइडची, म्हणजे कापूर घालून केलेल्या जुन्या प्लास्टिकची पेनं जमवू लागला. पेन अंगठ्यानं जोरात घासायचं. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, नाहीतर साधं प्लास्टिक.

यंदाच्या सर्दीनंतर त्याचं नाकच गेलं. रविवारच्या जुन्या बाजारात एक हिरवं पेन त्यानं अंगठा तापेपर्यंत घासलं. वास येईना. आता हा नाद सोडायचा, असं ठरवून तो पेन खाली ठेवणार, तोच बायकोनं, देल्फिनानं, ते घेऊन घासलं आणि हुंगलं.

"घे. कापूर आहे."

"नक्की?"

"तुझे शर्ट कोण धूत होतं? या वासाला कमी शिव्या घातल्यात मी?"

पुढच्या रविवारी तो बूट घालेपर्यंत ती दारात तयार होती.

"आटप," ती म्हणाली. "तुझं नाक कधीचं खोळंबलंय."