वाडग्यावरचं झाकण

आता तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो. मुलीनं पसंत केलेल्या मुलाला नकार द्यायला मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो आणि एका स्टीलच्या झाकणानं माझी पार फजिती केली.

दोन हजार पाचच्या सुमाराची गोष्ट. माझी मीनल शिकायला हवाई बेटांवर गेली आणि तिथल्याच केओनी नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली. तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. ती असती तर तिनं ठरवलं असतं, मी मान हलवली असती. आता ठरवणं माझ्याकडे आलं. आणि मुलगी एवढ्या लांब गेल्यावर बोरगावच्या घरात उरणार कोण? म्हणून नकार.

दोघं इकडे आले. मुलाला घरी बोलावलं की गल्ली सोयरीक झाली असंच धरणार. तेव्हा भेट ठरवली हिंगणघाटच्या रस्त्यावर, एका लहानशा ढाब्यात. सोबत माझा मेहुणा वसंता.

पोचतो तर काय, मुलगा ढाबेवाल्याच्या चुलीपाशी! सासऱ्याला आपल्या बेटावरचं जेवण घालायचं म्हणून सकाळपासून खपत होता. चमकोऱ्याच्या, म्हणजे तुमच्या अळूच्या, पानांत गुंडाळून वाफवलेली कोंबडी. आणि अरबीचे, म्हणजे त्याच अळूचे, कंद उकडून, कुटून केलेली राखाडी लापशी. तिला म्हणतात पोई.

मीनल कोंबडी आणायला आत गेली. केओनीनं पोईच्या वाडग्यावरचं झाकण काढलं आणि हसला. मी इंग्रजीत सुरुवात केली, "आमची एकुलती एक मुलगी तुम्ही इतक्या लांब नेणार..."

त्यानं झाकण परत वाडग्यावर ठेवलं. मान खाली घालून ऐकत बसला.

मला वाटलं, माश्या असतील. मी थांबलो. त्यानं झाकण काढलं. "आणि आजारी पडली तर बघायचं कोणी?" त्यानं पुन्हा झाकलं.

वसंता माझ्या कानाशी आला. "भाऊजी, तुमची नजर लागते म्हणून झाकून राह्यला तो."

"माझी?"

"मंग माझी का? मी तं रस्त्याकडे पाहून राह्यलो."

आता सांगा, राग येणार नाही? शाळेत मास्तर म्हणून इतकी वर्षं पोरांचे डबे उघडे असताना वावरलो, कोणाचं पोट दुखलं नाही. "अरे, आम्ही काय अन्नाकडे टक लावून बसणारी माणसं आहोत?" मी मराठीतच कडाडलो. केओनीनं झाकण जरा घट्टच बसवलं.

तेव्हा मी ते झाकण उचललं आणि भिरकावलं. आयुष्यात मी फेकलेली ही एकच वस्तू. ते घरंगळत रस्त्यावर गेलं. कापसाचा ट्रक आला. झाकणाचा पापड झाला.

मीनल बाहेर आली. "बाबा, काय चाललंय?"

"विचार त्याले. तुझ्या बापाची नजर लागते म्हणते."

तिनं त्याला विचारलं. मग कपाळाला हात लावला. "बाबा, त्यांच्याकडे पोईचं वाडगं उघडं असलं की भांडायचं नसतं. वाईट बोलायचं नसतं. तुमचं बोलणं तोडायचं नव्हतं, म्हणून तो झाकत होता. तुम्हाला मोकळेपणानं रागावता यावं म्हणून."

वसंता शांतपणे म्हणाला, "मले वाटलंच होतं."

वाडगं उघडं. झाकण रस्त्यावर सपाट. नकार द्यायचा कसा? मीनल माझ्याकडे बघत होती. तिलाही ठाऊक होतं मी कशाला आलोय ते. तेवढ्यात केओनी उठला, ढाबेवाल्याकडून दुसरं झाकण आणलं आणि माझ्या हाताशी ठेवून जागेवर बसला.

मी ते झाकण उचललं. मग ते उलटं केलं आणि पुढे सरकवलं.

"वाढ," म्हटलं.

मीनल रडायला लागली. वसंता म्हणाला, "रडू नको पोरी, ताट आणून दे. बाप झाकणात जेवून राह्यला."

कोंबडी सुरेख होती. पोईची चव विचाराल, तर कागद चिकटवायच्या खळीसारखी. पण वाडगं उघडं होतं ना! "फार छान झालंय," म्हणालो.

तेव्हापासून जावई आला की खास माझ्यासाठी पातेलंभर पोई करतो. मी बोटांनी चाटूनपुसून खातो. तक्रार करायला वाडगं रिकामं तर व्हायला हवं, आणि तो पोरगा ते होऊ देत नाही.