नदीपल्याडचं माहेर

माझं माहेर नदीच्या पल्याड, सासर अल्याड. मधून शिवना जाते, तीच दोन तालुक्यांची हद्द. बंधारा मात्र एकच. त्याच्या डोहावर दोन्ही गावं जगतात.

पावसानं दगा दिला त्या वर्षी माझ्या थोरल्या भावानं डोहात मोठी मोटार टाकली आणि पाणी आपल्या अद्रकीच्या रानात ओढलं. आमच्या गावची पिण्याची विहीर नदीकाठीच, ती खाली गेली. मी पारावर त्याला गाठलं.

"दादा, पिण्यापुरतं तरी राहू दे."

चार माणसांत तो हसला. "पोरगी दिली व्हती, नदी नाय दिली आंदण."

विहीर आटली. टँकरच्या गर्दीत सासूबाई पडल्या, खुबा मोडला. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मी भावाशी भांडले नाही. राखी बांधली, भाऊबीजेला ओवाळलं, आणि मनात धरून ठेवलं.

पुढं दोन्ही गावांची मिळून पाणी समिती झाली. बाईच्या जागेला कुणी उभं राहीना, मी राहिले. पहिल्याच बैठकीत ठराव मांडला: होळीनंतर डोहाचं पाणी फक्त माणसांना आणि जनावरांना. मोटार दिसली की समिती काढणार. दादानंही हात वर केला. त्याला वाटलं, काढायला येतंय कोण!

उन्हाळ्यात त्यानं पुन्हा अद्रक लावली, मोटार टाकली. कोंब वर येईपर्यंत मी गप्प राहिले. मग दोन्ही गावची माणसं घेऊन गेले.

"सख्ख्या भावाची मोटार काढती व्हय?"

"सासूबाईंना रोज उचलून न्हाणीत नेते मी," मी म्हणाले. "काढा रं मोटार."

अद्रक जळाली. मी बंधारा ओलांडून मुद्दाम बघायला जायची. वहिनी रडत आली, तिला चहा दिला. पाणी दिलं नाही.

त्या साली विहिरीला मृगापर्यंत पाणी राहिलं. आता संभाजीनगरहून साहेब लोक येतात, दोन गावांचा समजूतदारपणा म्हणून कौतुक करतात. मी ऐकून घेते. दादानं ठिबक केलंय, रान निम्मं केलंय. पल्याड कुणाची मोटार वाजली की आधी तोच ओरडत धावतो.

परवा देवगावच्या बाजारात तो समोर आला.

"आता तरी काळीज थंड झालं का तुझं?"

"नाय," मी म्हणाले, आणि मेथीची जुडी घेऊन पुढं निघाले.