दादाचा युक्का

सलूनमध्ये माणूस गप्प बसत नाही. गळ्यावर वस्तरा आला की दुसरीकडं कुठं माणसं गप्प होत असतील, आमच्याकडं आणखी बोलायला लागतात! त्यामुळं किस्से काही शोधावे लागत नाहीत. ते केसांसारखे खाली पडतच असतात. संध्याकाळी झाडून टाकले तरी दुसऱ्या दिवशी पायाखाली परत आहेतच.

त्यातले निम्मे आमच्या दुकानातल्या एका झाडाचे. दादाच्या झाडाचे. दादा जाऊन अजून वर्ष व्हायचंय. घरात त्याचं नाव निघालं की सगळे उठून कामाला लागतात. म्हणून मी आपला झाडाचं सांगतो. झाडाचं सांगताना हसता येतं.

*

पौडच्या बाजारपेठेत आमचं सलून. दोन खुर्च्या, दाराजवळची दादाची आणि आतली माझी. मी सहावीतनं शाळा सोडली ती थेट खुर्चीमागंच येऊन उभा राहिलो.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी दादा पुण्याला जायचा. तिथं एक म्हातारे साहेब होते, त्यांची दाढी-कटिंग त्यांच्या बंगल्यावरच करायचा. साहेब मुलीकडं कायमचे राहायला निघाले तेव्हा त्यांनी हॉलमधलं एक झाड दादाला देऊन टाकलं. कमरेएवढं उंच, हत्तीच्या पायासारखं खोड आणि वर तलवारीसारख्या पानांचा झुबका. नाव युक्का. घरात ठेवायचं झाड!

दादानं ते एसटीनं आणलं. शेजारच्या सीटवर बसवलं. कंडक्टर आला.

"ह्याचं हाफ तिकीट लागंल."

"तीन वर्साच्या आतलं हाय," दादा म्हणाला.

"आरं, उंची बघ की त्याची!"

"बापावर गेलंय!"

दादा सहा फूट. कंडक्टरनं दोघांना वरखाली बघितलं आणि पुढं सरकला.

*

दुकानात झाड बघून सगळ्यात जास्त राग आला तात्यांना. तात्या म्हणजे आमचे रोजचे कस्टमर. दाढी करून झाली तरी न उठणारे.

"ही तर घायपात! माझ्या बांधावर गाडीभर हाय. ह्यानं कुंडीत लावली आन् इंग्रजी नाव दिलं!"

"घायपात न्हाई तात्या, युक्का."

"बरं, युक्का. फळ काय येतं ह्याला?"

"काय न्हाई."

"भाजी व्हती का पानांची?"

"न्हाई."

"सावली?"

"दुकानात कशाला सावली?"

"मंग पाळलंय कशाला?"

दादा शांतपणे वस्तरा पट्ट्यावर घासत होता. म्हणाला, "तात्या, तुमी तरी काय करता? काकू पाळत्यातच की!"

*

झाड खिडकीपाशी, माझ्या खुर्चीला लागून. उजेड भरपूर, पण पानांची टोकं म्हणजे दाभणच. कस्टमरनं मान जरा इकडं केली की कानात घुसलंच. एकजण ओरडला, "दाढीला आलोय रं, कान टोचायला न्हाई!"

शेवटी शेजारच्या सायकल दुकानातला सलीमभाई आला. दादाचा लंगोटीयार. तो व्हॉल्वट्यूब घेऊन आला, सायकलच्या व्हॉल्वला घालतात ती बारीक रबरी नळी. तिचे तुकडे करून त्यानं एकेका पानाच्या टोकाला टोपडं घातलं. पन्नास-साठ पानं! दुपार गेली त्यात.

संध्याकाळी दवाखान्यातले कंपाउंडर दाढीला आले. झाडाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "सगळी बोटं एकदम कशी काय कापली ह्याची?"

*

साहेबांनी दादाला एकच गोष्ट सांगितली होती. ह्याला पाणी कमी. मातीत बोट दोन पेरं घालायचं, ओलं लागलं तर पाणी द्यायचं नाही. "लाड केलेस तर मरेल. विसरून जा त्याला, म्हणजे जगेल."

दादानं त्यावर आपली युक्ती काढली. अमावास्येला कोणी दाढी करत नाही, दुकान रिकामं. मग पाणी अमावास्येला! हिशेब लक्षात ठेवायला नको. भर दुपारी दादा तांब्या घेऊन झाडाला पाणी घालायचा आणि ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचा.

हे समोरच्या ओट्यावरनं ठकूआजीनं तीन अमावास्या बघितलं. चौथ्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी कुंडीत हळद-कुंकू लावलेलं लिंबू! आजीनं परस्पर बंदोबस्त केला होता.

मी म्हटलं, "दादा, हात नको लावू."

दादानं लिंबू धुतलं, चिरलं, साखर घालून सरबत केलं आणि पहिला ग्लास ठकूआजीलाच नेऊन दिला.

आजी पिऊन म्हणाली, "ग्वाड झालंय रं. लिंबू कुठलं?"

*

माघात दादा गेला. कावीळ. दहा दिवसांत संपलं सगळं.

दहाव्याला डोकी करायची असतात. भावकीतल्या सगळ्यांची मी केली. माझं कोण करणार? माझं दादाच करायचा नेहमी. मग मीच आरशात बघून केलं. मागची बाजू दिसत नव्हती, तीन ठिकाणी कापलं.

चौदाव्या दिवशी दुकान उघडलं. बाहेरगावचे दोघेजण दारात आले. माझं गुळगुळीत, चिकटपट्ट्या लावलेलं डोकं बघितलं. पहिला आत येत होता, त्याला दुसऱ्यानं मागं ओढलं.

"नगं रं. ह्यो आजून शिकतोय!"

दादा गेल्यावरचं माझं पहिलं हसू ते. त्या दोघांना हाका मारल्या, पण थांबले नाहीत.

*

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणवरनं, चांद्यावरनं, कुठनं कुठनं. दादानं लई डोकी केली होती. माणूस यायचा, बाकावर बसायचा. मी पाण्याचा ग्लास द्यायचो. भेटायला आलेला माणूस पाणी नको म्हणत नाही, पण दुःखाच्या घरचं पाणी त्याला पुरतं जातही नाही. दोन घोट घ्यायचा. मग उरलेल्या पाण्याचं काय करायचं? फेकायचं कसं?

"त्याच्या झाडाला घालतो," असं म्हणून जो तो ग्लास कुंडीत रिकामा करायचा!

दिवसाला तीस-चाळीस माणसं. दादानं वर्षभरात घातलं नसेल एवढं पाणी पंधरा दिवसांत गेलं. मी कोणाला अडवणार? माणसं डोळे पुसत पाणी घालत होती. सलीमभाई तर स्वतःच्या दुकानातनं ग्लास भरून आणायचा.

"आरं, तुजं दुकान येगळं, पानी येगळं. हिकडं कशाला?" तात्या म्हणाले.

"माजा दोस्त न्हवता व्हय त्यो?"

महिन्याभरात पानं पिवळी पडायला लागली. खालनं एकेक गळायला लागलं, टोपड्यासकट. तेव्हा मी घाबरलो. खुर्ची, वस्तरा, चामड्याचा पट्टा, हे दादाचं सगळं होतंच. पण जिवंत असं हे एकच होतं.

*

उपाय सांगायला अख्खं पौड आलं.

कंपाउंडर म्हणाले, "अशक्तपणा आहे." आणि कोणी काही म्हणायच्या आत पिशवीतनं सुई काढून त्यांनी खोडात व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं! कापसानं जागा चोळली. जाताना मला बजावलं, "दोन दिवस आंबट देऊ नकोस."

शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं की झाडांना गाणी आवडतात. मी रेडिओ आणून कुंडीजवळ ठेवला. लावला तर बाजारभाव चालले होते. कांद्याचा भाव सांगितला आणि टपकन एक पान गळलं.

तात्या म्हणाले, "बघ! शेतकऱ्याचंच झाड हाय."

*

एका सकाळी तात्या माझ्या खुर्चीत होते. उजवा गाल झाला होता, डाव्यावर फेस. टॉवेल घ्यायला वाकलो आणि सहज झाडाच्या खोडाला अंगठा लावला. अंगठा आत गेला! पिकल्या केळात जावा तसा.

मग काय झालं मला माहीत नाही. वस्तरा ठेवला, झाड खांद्यावर टाकलं आणि पळालो. स्टँडवर पुण्याची गाडी उभीच होती.

पुण्यात एक नर्सरीवाला सापडला. खोड दाबून म्हणाला, "पाणी पाजून पाजून कुजवलंत. खालचं गेलं. वरचं मात्र टणक आहे. मुंडकं काप. आठ दिवस सावलीत वाळू दे, मग वाळूत लाव. पाणी अगदी नावाला. धरली तर मुळं धरेल."

दिवेलागणीला परत आलो. तात्या माझ्या खुर्चीत तसेच! डाव्या गालावरचा फेस वाळून पापड झालेला.

"तात्या! खालच्या आळीत दुसरं सलून हाय की!"

"गेलतो, मागल्या बोळानं. त्यो म्हनला, दुसऱ्यानं अर्धी केलेली दाढी आमी हातात घेत न्हाई."

ते खरंच. आमच्या धंद्यात ते चालत नाही.

"मंग घरी जायाचं."

"ह्या तोंडानं? पेठंतनं?"

मी गडबडीनं ब्रश भिजवला. तात्यांनी माझा हात धरला.

"आदी झाडाचं सांग. मंग साबन लाव."

*

कापायचं ठरलं, पण माझा हात उठेना. ह्या हातानं किती डोकी केली, त्याला मोजदाद नाही, पण हे मुंडकं होईना. सलीमभाईनं सायकलच्या नळ्या कापायची हॅकसॉ आणली. तात्यांनी टोपी काढली. कंपाउंडरांनी बुंधा धरला. करवत चालू झाली आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

"झालं रं," सलीमभाई म्हणाला.

मी वळलो आणि सवयीनं कापल्या जागी तुरटी फिरवली!

कोणी हसलं नाही. मग कंपाउंडर हसले, मग सगळेच.

*

आता मुंडकं आठ दिवस वाळवायचं कुठं? सावली पाहिजे, वारा पाहिजे, पाण्यापासनं लांब पाहिजे. दादाची खुर्ची रिकामीच होती. तिच्यावर मी कोणाला बसू देत नव्हतो. तिथंच ते ठेवलं. कलंडायला लागलं म्हणून खुर्चीच्या दांड्याला टेकवलं आणि भोवती कटिंगची चादर गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात नवीन बदलून आलेले एक क्लार्क आले. पाठमोऱ्या खुर्चीत चादर, वर हिरवा झुबका. ते बाकावर बसले. पेपर वाचला. पुन्हा उलटा वाचला. मी आतल्या खुर्चीत एकाची कटिंग करत होतो. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "ह्यांना अजून किती वेळ लागेल?"

तात्यांनी बोटं मोजली. "आजून पाच दिस."

क्लार्क उठून पुढं आले. खुर्चीत डोकावले. माझ्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं. शेवटी अगदी हळू म्हणाले, "मग माझी फक्त मिशी करा. घाई आहे."

*

नवव्या दिवशी मुंडकं पत्र्याच्या छोट्या डब्यात वाळू भरून तिच्यात लावलं. आणि मी जाहीर केलं, "पानी कुनी घालायचं न्हाई! हात कुनी लावायचा न्हाई!"

मुळं धरली का ते कळायची एकच रीत नर्सरीवाल्यानं सांगितली होती. महिना-दीड महिन्यानं हलकेच वर ओढून बघायचं. सैल निघालं तर गेलं. अडलं तर जगलं.

दीड महिना झाला. माझा हात धजेना. सैल निघालं तर? ओढलं नाही तोवर ते जगलंच आहे ना!

पण झाडाचं काहीतरी विचित्र चाललं होतं. मंगळवारी इकडं कललेलं, बुधवारी तिकडं. गुरुवारी दोन बोटं वर आलेलं! मी सगळ्यांना समोर उभं केलं.

"कोन वढतंय ह्याला?"

तात्या छताकडं बघायला लागले.

"तात्या?"

"एकदाच. हळूच."

"सलीमभाई?"

"मी तात्यांच्या आदी. तवा सैल हुतं, म्हनून दाबून ठिवलं पुन्ना."

कंपाउंडर म्हणाले, "मी नाडी बघत होतो."

मी एवढा ओरडलो की ठकूआजी ओट्यावरनं उठून उभी राहिली. मग त्या तिघांचाच पहारा बसवला. एकमेकांवर! दोन महिने कोणाचं बोट लागलं नाही. पानं पडली नाहीत, नवंही आलं नाही. जगलंय का गेलंय, काही कळायचं नाही.

आषाढात एका दुपारी वैनी माझा जेवणाचा डबा घेऊन आली. दादा गेल्यापासनं ती दुकानाची पायरी चढली नव्हती. रोज डबा कोणाच्या तरी हाती द्यायची. त्या दिवशी आली, तर तीन बाप्ये वाळूच्या डब्याभोवती बसलेले.

"काय करताय, भावजी?"

मी सांगितलं. मुळं, वाळू, ओढायचं, सैल, सगळं. वैनीनं झाडाकडं बघितलं. दादाच्या खुर्चीकडं बघितलं. डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि शेतातलं तण उपटतात तसं ते झाड दोन्ही हातांनी धरून सणकून वर ओढलं!

आम्ही चौघं एकदम ओरडलो.

झाड निघालं नाही. डबाच उचलला! वाळूनं भरलेला अख्खा पत्र्याचा डबा जमिनीवरनं वीतभर वर, झाडाला लोंबकळत!

वैनीनं दोनदा झटकून बघितलं. डबा सुटेना.

"वैनी, खाली ठिवा," मी म्हटलं.

वैनीनं खाली ठेवलं नाही. तसंच ते झाड हातात धरून पायरी उतरली आणि पेठेतनं घराकडं चालायला लागली. ठकूआजीनं ओट्यावरनं विचारलं, "आगं, कुटं निगालीस त्ये घिऊन?"

वैनी थांबली नाही. चालता चालताच म्हणाली, "घरी! हितं सगळी वढत्यात त्याला!"