फोटोवरची चिकटपट्टी

जवळा बाजारच्या स्टुडिओत मी पासपोर्ट फोटोसाठी बसलो होतो, तेव्हा ती बाई आली. पन्नाशीची असावी. काहीही हातात घेण्याआधी ती पदराला बोटं पुसायची. तिने आपल्या आईचा जुना, मधोमध फाटलेला फोटो मोठा करायला टाकला होता.

स्टुडिओवाल्याने फोटो पुढे ठेवला. फाटल्या जागेवरची पिवळी चिकटपट्टी त्याने फार जपून काढली होती. चेहरा आता स्वच्छ दिसत होता.

बाईने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "भाऊ, वरची पट्टी कुठं हाय?"

"टाकून दिली, मावशी. खराब झाली होती."

"माझ्या पोरीनं लावली व्हती. तिच्या बोटाचा ठसा दिसायचा त्यात. पोरगी वारली माझी."

स्टुडिओवाल्याने कचऱ्याचा डबा उपसला. पट्टीची गोळी सापडली, पण ती काही उलगडेना.

"तुमची चूक न्हाई. म्याच सांगाया पायजे व्हतं," असं म्हणून बाई ती गोळी मुठीत धरून बाहेर पडली.

आईचा फोटो तिथंच राहिला, म्हणून मी तो घेऊन मागे धावलो.

"माय तर आरशात बी दिसती मला," ती म्हणाली. "पोरीच्या हाताचं तेवढंच व्हतं."